सासऱ्यांच्या दातांचं मिररिंग

४ मार्च, सोमवार

आजपासून लॉग लिहायचा. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने केलेल्या प्रत्येक गोष्टीची तारीखवार नोंद ठेवावी, असं एका वेबसाइटवर वाचलं. पटलं.

लॉगमध्ये आधी सिस्टिमची माहिती लिहायची असते. तर: आमची दातांची लॅब. पुढे मॅडमचा दवाखाना, मागे लॅब. कवळ्या, कॅपा, ब्रिज. पेशंटच्या तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवून स्कॅन घेतात, स्कॅन सर्व्हरवर जातं, त्यावरून दात बनतात. आसपासचे डॉक्टरही आपापल्या पेशंटांची स्कॅन आमच्याकडे पाठवतात. सर्व्हर एक. त्यात डिस्क एक. मी कागदोपत्री 'हिशेब आणि डिस्पॅच', म्हणजे बिलं करणं आणि तयार दात डबीत घालून पाठवणं. पण सर्व्हर माझ्या टेबलाखाली आहे, त्याची धूळ माझ्या नाकात जाते आणि तो बंद पडला की सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात. म्हणजे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच. तसं पत्र कोणी दिलेलं नाही, एवढंच.

गेले काही दिवस डिस्क करकरते आहे. मॅडमनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो टेबलाखाली शिरला, कान लावला, बाहेर येऊन म्हणाला की हिचा आता भरवसा नाही, दुसरी डिस्क लावून मिररिंग करून घ्या. मिररिंग म्हणजे एका डिस्कवर जे लिहिलं जाईल तेच जसंच्या तसं दुसरीवर. एक गेली तरी दुसरी काम चालू ठेवते. आधी सगळा डेटा दुसरीकडे काढून ठेवेन आणि रविवारी येऊन करून देईन, असंही म्हणाला.

तो गेल्यावर मी मॅडमना सांगितलं, एवढ्याशा कामाला बाहेरचा माणूस कशाला, मी करतो. मॅडम माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, डेटा जाता कामा नये. म्हटलं, प्रश्नच नाही. त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास आहे हे आज प्रथमच जाणवलं.

घरी सांगितलं. बायकोने फक्त एकच विचारलं, बाबांचे दात त्याच डब्यात आहेत ना? म्हटलं, हो, म्हणून तर करतोय.

५ मार्च, मंगळवार

मॅन्युअल डाउनलोड केलं. भलतंच मोठं आहे. रोज सकाळी चहाच्या आधी थोडं थोडं वाचायचं असं ठरवलं. आज चहा आधी झाला, त्यामुळे उद्यापासून. तरी अनुक्रमणिका पूर्ण वाचली. विषय साधारण लक्षात आला.

हॉलमधल्या सोफ्यावर बसून वाचणार होतो, पण तिथे सासरे असतात. गेल्या वर्षापासून ते आमच्याकडेच आहेत. माझी जागा, म्हणजे खिडकीजवळची, ती आता त्यांची. तक्रार नाही. फक्त नोंद.

त्यांचे दात मॅडमनीच फेब्रुवारीत काढले. सगळे. हिरड्यांत काही राहिलंच नव्हतं, दात हलत होते. काढायच्या आधी, जानेवारीच्या शेवटी, मॅडमनी त्यांच्या तोंडाचं पूर्ण स्कॅन घेतलं, म्हणजे कवळी करताना त्यांचे स्वतःचे दात जसे होते तसेच लावता येतील. सासऱ्यांनी अट घातली होती. "दात नवे चालतील," असं ते म्हणाले होते, "पण हसल्यावर मीच दिसलो पाहिजे." त्यांचा वरचा एक दात, सुळ्याच्या मागचा, जरा तिरका होता आणि सुळ्यावर चढून बसलेला होता. मॅडम म्हणाल्या, तोसुद्धा तस्साच तिरका लावू, काका. तेव्हा कुठे ते खुर्चीवर बसले.

हिरड्या भरेपर्यंत थांबायचं होतं. तेव्हापासून ते तोंडासमोर रुमाल धरून बसतात. घरासमोरच्या बागेत त्यांच्या मित्रमंडळींचा बाक आहे, तिकडे जाणं बंद. फोन आला की बायकोच्या हातात देतात. जेवायला सगळं मिक्सरमधून काढलेलं. मिक्सर माझ्या झोपेच्या वेळी लागतो. हीसुद्धा फक्त नोंद.

६ मार्च, बुधवार

डिस्क आणली. जुनी ज्या कंपनीची तीच, तेवढ्याच साइझची, अगदी तीच. जोडी सारखी असलेली बरी असं दुकानदार म्हणाला. शेजारी शेजारी ठेवली तर जुळी वाटतील. बघून समाधान वाटलं.

मॅन्युअलमध्ये (चाळताना दिसलं) लिहिलंय की काम सुरू करायच्या आधी डिस्कना लेबल लावा. मी शिस्तीचा माणूस आहे, ताबडतोब लेबलं शोधली. ऑफिसमध्ये एकाच प्रकारची होती, आम्ही दातांच्या डब्यांना लावतो ती: 'नाजूक. सांभाळून हाताळा.' नव्या डिस्कला एक लावलं. मग सर्व्हर उघडून जुनीलाही एक लावलं. दोन्ही नाजूकच आहेत.

सर्व्हर उघडला तर आत धूळच धूळ. खोकून खोकून जीव गेला. ती साफ करणं हाही प्रकल्पाचा भाग समजायचा.

सकाळी मॅन्युअल वाचायचं राहिलं. मान धरली आहे.

७ मार्च, गुरुवार

सगळ्यात महत्त्वाचं काम आज उरकलं: बॅकअपची खात्री.

बॅकअप ताई घेतात. ताई म्हणजे स्कॅनिंग बघणाऱ्या आमच्या टेक्निशियन. माझ्याहून लहान आहेत, पण लॅबमध्ये मॅडमसकट सगळेच त्यांना ताई म्हणतात. त्यांच्याकडे एक पोर्टेबल डिस्क आहे, तिच्यात त्या अधूनमधून सगळं उतरवून घेतात. मी गेलो तेव्हा त्या मशीनवर एक कॅप घासत होत्या. तोंडाला मास्क. शेजारी कॉम्प्रेसर सुरू. मी ओरडून विचारलं, बॅकअपचं काय? त्यांनी मान वर न करता सांगितलं, परवा. पुढे काहीतरी म्हणाल्या, ते कॉम्प्रेसरने खाल्लं.

परवा म्हणजे मंगळवारी. म्हणजे अगदी ताजा. मी अंगठा दाखवला. त्यांनीही अंगठा दाखवला. दोन जबाबदार माणसांत एवढं बोलणं पुरतं. कॉम्प्युटरवाला यासाठी एक अख्खा दिवस घेणार होता.

उद्या संध्याकाळी लॅब बंद झाली की मिररिंग. मॅन्युअल आता वाचायची गरज नाही, विषय डोक्यात बसला आहे.

८ मार्च, शुक्रवार

झालं.

म्हणजे सुरू झालं. क्रमाने लिहितो. सगळे गेल्यावर सर्व्हर बंद केला, आडवा केला, उघडला. नवी डिस्क बसवली. मग लक्षात आलं की मागची धूळ तशीच आहे. अर्धवट काम मला आवडत नाही. दोन्ही डिस्क काढल्या, टेबलावर ठेवल्या, आत ब्रश फिरवला, फडका फिरवला, शिंकलो. डिस्क परत बसवल्या. वायरी परत लावल्या. आत आरशासारखं लख्ख.

सर्व्हर सुरू केला. सुरुवातीलाच एक निळी स्क्रीन येते, तिथे मिररिंगचा पर्याय असतो. तिथे दोन नावं दिसली: डिस्क शून्य आणि डिस्क एक. कोणती जुनी हे लिहिलेलं नव्हतं. लिहायला हवं होतं, कंपनीला कळवणार आहे. पण विचार केला की कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, मग जी आधीपासून घरात आहे तिचा नंबर पहिला. शून्य म्हणजे जुनी, एक म्हणजे नवी. विचार करणाऱ्या माणसाला लेबल लागत नाही.

कुठून कॉपी करायचं असं विचारलं. दिलं शून्य. कुठे? एक. मग एक लाल चौकट आली: दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की का? नव्या डिस्कवर पुसायला आहे काय! अशा सूचना वकील लोक लिहून घेतात. होय म्हटलं.

पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. सकाळपर्यंत होईल. तशीच चालू ठेवून घरी आलो. बायकोला म्हटलं, तुझ्या बाबांचे दात आता दोन ठिकाणी. तिने सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी रुमालाआडून मान हलवली. कमरेत उसण भरली आहे, पण आज शांत झोप लागणार.

९ मार्च, शनिवार

सकाळी लवकर गेलो. स्क्रीनवर लिहिलेलं: मिररिंग पूर्ण. दोन्ही डिस्क सुस्थितीत. फोटो काढून ठेवला.

रीस्टार्ट केलं. काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.

हा वेगळा प्रॉब्लेम आहे. मिररिंगशी त्याचा संबंध नाही. पुन्हा रीस्टार्ट केलं. तीच ओळ. स्विच बंद करून थोडं थांबून चालू केला. तीच ओळ. चहा घेऊन आलो. तीच ओळ.

निळ्या स्क्रीनवर परत गेलो. दोन्ही डिस्क एकसारख्या आहेत का तपासायची सोय तिथे आहे. तपासलं. शंभर टक्के एकसारख्या. मग आत काय आहे ते बघायची सोय शोधली. शून्यावर काही नाही. एकवरही काही नाही. अगदी शंभर टक्के एकसारखं काही नाही.

वायरी परत लावताना बहुतेक अदलाबदल झाली. कंपनीने वायरींना वेगळे रंग द्यायला काय झालं होतं?

पण घाबरायचं कारण नव्हतं, मंगळवारचा बॅकअप होताच. तेवढ्यात ताई आल्या. पर्समधून ती पोर्टेबल डिस्क काढून म्हणाल्या, सर्व्हर मोकळा आहे ना, बॅकअपला घेते. मी म्हटलं, कसला बॅकअप? म्हणाल्या, "परवा घेते म्हटलं होतं ना! शनिवारी अर्धा दिवस असतो, मशीन मोकळं असतं, नेहमी शनिवारीच तर घेते."

मी खाली बसलो. आधीच खालीच बसलेलो होतो, आणखी खाली बसलो.

ज्या भाषेत होऊन गेलेला दिवस आणि व्हायचा असलेला दिवस एकाच शब्दात बसतो, त्या भाषेत सर्व्हर चालवू नये. हे माझं मत मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, क्रियापद ऐकायचं असतं. क्रियापद कॉम्प्रेसरने खाल्लं, असं मी म्हटलं. त्यांच्या डिस्कमध्ये शेवटचा बॅकअप डिसेंबरचा आहे.

१० मार्च, रविवार

विश्रांती. डोकं दुखतंय.

बायकोने विचारलं, झालं का काम? म्हटलं, शंभर टक्के. यात एक अक्षर खोटं नाही. सासऱ्यांनी कवळी कधी मिळणार विचारलं. रुमालाआडून नीट कळलं नाही असं दाखवून बाल्कनीत गेलो. तिथे कपडे वाळत होते, त्यांच्यामागे बसता येतं.

ठराव: उद्या मॅडमना स्वतःहून सगळं सांगायचं. शांतपणे, तांत्रिक भाषेत.

११ मार्च, सोमवार

ताईंनी आधीच सांगितलेलं होतं. तांत्रिक भाषा वाया गेली.

कॉम्प्युटरवाला आला. त्याने विचारलं, जुनी डिस्क कुठली? मी लेबलं दाखवली. त्याने एक लेबल वाचलं, मग दुसरं वाचलं, मग दोन्ही डिस्क आपल्या लॅपटॉपला लावून तपासल्या. बऱ्याच वेळाने म्हणाला की कोऱ्या डिस्कचं भरलेल्या डिस्कवर मिररिंग झालंय, पण मिररिंग मात्र अगदी व्यवस्थित झालंय. मॅडमच्या समोर म्हणाला. हे नोंदवून ठेवतो.

पुसलेलं परत मिळवणाऱ्या एका माणसाला त्याने फोन लावला. त्याने सांगितलं, नुसतं डिलीट झालं असतं तर काही करता आलं असतं. वर दुसरं लिहिलं गेलं की संपलं. मी म्हटलं, दुसरं काही लिहिलं नाही, कोरंच लिहिलंय. तो म्हणाला, कोरंही लिहिलेलंच असतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

१३ मार्च, बुधवार

दोन दिवस मरमर काम. लॉग लिहायला वेळ नाही.

डिसेंबरपर्यंतचं सगळं ताईंच्या डिस्कमधून परत आलं. त्यानंतरच्या केसेससाठी प्रत्येक डॉक्टरला फोन केला. त्यांच्याकडे आपापल्या पेशंटांची स्कॅन असतातच, ती त्यांनी पुन्हा पाठवली. कोणी काही विचारलं की मी सांगायचो, सिस्टिम अपग्रेड चालू आहे. दवाखान्यातल्या पेशंटांना मॅडमनी परत बोलावलं, पुन्हा कांडी फिरवली. एकेक करत सगळं जागेवर आलं. संध्याकाळी ताई म्हणाल्या, भरलं सगळं, एक सोडून.

एक म्हणजे सासरे. त्यांचं स्कॅन इथेच घेतलेलं, दुसरीकडे कुठेही नाही. आणि आता पुन्हा घेऊन उपयोग नाही, कारण दातच नाहीत. काढलेले दात काढले त्याच दिवशी टाकून दिले जातात.

टक्केवारीत बघितलं तर नुकसान नगण्य आहे. असं मी ताईंना म्हणणार होतो. म्हटलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

मॅडमनी फोटो आणायला सांगितले. दात दिसणारा एखादा जरी मिळाला तर अंदाज येईल. घरी जुना अल्बम काढला. बायको म्हणाली, आज अचानक फोटो का? म्हटलं, सहज. ती जवळ येऊन बसली. खूश झाली असावी. खूप दिवसांनी आम्ही काहीतरी बरोबर बघत होतो.

सासरे चित्रकलेचे शिक्षक होते. शाळेचे फोटो, सहलीचे फोटो, निरोप समारंभ. एकूण एक फोटोत तोंड मिटलेलं. आमच्या लग्नातसुद्धा ओठ घट्ट. मी विचारलं, तुझे बाबा फोटोत हसत का नाहीत? म्हणाली, कॅमेऱ्यासमोर दात काढणं त्यांना बावळटपणाचं वाटायचं. घरी मात्र खदाखदा हसायचे, आई वैतागायची.

हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

१५ मार्च, शुक्रवार

मॅडम म्हणाल्या, तुम्ही घरी सांगा, नाहीतर मी सांगते. म्हटलं, आज सांगतो.

आज सांगितलं नाही. बायकोची पाठ दुखत होती. अशा वेळी वाईट बातमी देणं बरं नाही.

१६ मार्च, शनिवार

मॅडमनी दुपारी घरी फोन केला. माझ्यासाठी थांबल्या नाहीत. मी घरी आलो तेव्हा बायको जेवणाचं टेबल पुसत होती. पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होती.

मी कॉम्प्रेसरपासून सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं. 'परवा'ची आणि शंभर टक्के एकसारख्या कोऱ्या डिस्कची गंमत सांगितली तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. मग तिने फडका खाली ठेवला आणि म्हणाली, "तो माणूस येऊन करणार होता ना. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मी फडका उचलून टेबल पुसायला लागलो.

सासरे सोफ्यावरून सगळं ऐकत होते. त्यांनी रुमाल खाली घेतला. रुमालाशिवाय बोलताना मी त्यांना खूप दिवसांनी पाहिलं, तोंड एकदम लहान झालंय. म्हणाले, कुठलेही बसवा, मला काय आता लग्न करायचंय? आणि रुमाल परत धरला. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मला वाईट वाटलं. लॉगमध्ये असलं लिहायचं नसतं. पण वाटलं, फार वाटलं.

१८ मार्च, सोमवार

मेणातली ट्रायल. पक्की कवळी करायच्या आधी मेणात दात बसवून तोंडात लावून बघतात, आवडलं नाही तर बदलता येतं. नमुना नव्हता म्हणून मॅडमनी कॅटलॉगमधले दात घेतले. उत्तम दात. सरळ, शुभ्र, एका रांगेत, सैनिकांसारखे उभे. मी बायकोलाही बोलावून घेतलं होतं. मनात होतं की बघितल्यावर सगळे म्हणतील, झालं ते बरंच झालं.

सासऱ्यांनी हातातल्या आरशात पाहिलं. मॅडम म्हणाल्या, हसून बघा काका. ते हसले. चांगले आहेत, म्हणाले. अगदी सौजन्याने म्हणाले, शाळेत वाईट चित्र काढणाऱ्या मुलाला म्हणत असतील तसं. मग हसू तसंच ठेवून लेकीकडे वळले.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. म्हणाली, मॅडम, हे कोणीतरी वेगळेच वाटतात.

सासऱ्यांनी मेणाचे दात स्वतःच काढून ट्रेमध्ये ठेवले आणि खिशातून रुमाल काढला. घरी येताना रिक्षावाल्याने रेडिओ लावला होता, तेवढाच आधार.

१९ मार्च, मंगळवार

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, उद्या मिसेसना परत घेऊन या, काकांनाही. कशासाठी ते सांगितलं नाही. माझा अंदाज: माझ्यासमोर, माझ्या माणसांच्या साक्षीने, सर्व्हरचं काम माझ्याकडून काढून घेणार. तयारी म्हणून माझी बाजू मुद्द्यांत लिहून काढली. पहिला मुद्दा कंपनीची वायर. दुसरा सुचला नाही.

लेबलांचा नवा गठ्ठा मागवला आहे, कोरी लेबलं. यापुढे प्रत्येक गोष्टीवर नाव.

२० मार्च, बुधवार

मुद्दे खिशातच राहिले.

मॅडमनी सासऱ्यांना एका खुर्चीवर बसवलं आणि बायकोला दुसऱ्या. म्हणाल्या, मुलांचे दात पुष्कळदा आईबापांवर जातात, आकार, ठेवण, सगळं. नमुना गेलाय तर लेकीच्या तोंडात काही सापडतं का बघू. बायको म्हणाली, माझे तर साधेच आहेत, आरशात हसून कोण बघतं. मॅडमनी दिवा खाली ओढला. जरा हसा, म्हणाल्या. बायको फोटोत हसते तशी हसली, ओठांनी. तसं नाही, म्हणाल्या, मोकळं हसा. बायकोने प्रयत्न केला. चेहरा अवघडला. मॅडम म्हणाल्या, बोट लावून ओठ बाजूला करता येईल, पण हसताना ओठ नेमका कुठवर जातो ते मला बघायचंय. मी म्हटलं, हस ना. त्याने आणखीच अवघडली.

तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून सासरे बोलले. रुमाल मांडीवर होता. बोळक्या तोंडाने, फसफसत, पण अगदी गंभीरपणे म्हणाले, "अगं, जावईबापूंना मॅडमच्या दातांचंही मिररिंग करायला सांग. म्हणजे सगळे शंभर टक्के एकसारखे."

बायको हसली. आधी नाकातून, मग डोकं मागे टाकून, पोट धरून, खुर्चीचा हात आपटत. खदाखदा. ताई मशीन सोडून धावत आल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, हाच तो, मॅडम, हाच. वरचा, सुळ्याच्या मागचा, किंचित तिरका, सुळ्यावर चढून बसलेला. सासऱ्यांनी लेकीच्या तोंडाकडे बघत स्वतःच्या रिकाम्या हिरडीवर त्याच जागी बोट ठेवलं आणि तेही हसायला लागले. दोघांचा चेहरा एकच झाला होता. त्या हसण्यातच ताईंनी कांडी फिरवून स्कॅन घेतलं.

मी जवळ जाऊन बघितलं. दात चांगला ठळक आहे.

मॅडम माझ्याकडे वळल्या. आज त्या पहिल्यांदाच माझ्यावर खरोखर चिडलेल्या दिसल्या. "अहो, नमुना तुमच्या घरातच होता की! हा दात मोकळं हसल्याशिवाय दिसत नाही, बाहेरच्याला कळणार नाही. पण तुम्ही नवरा आहात. पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?"

लक्षातच आलं नाही, असं मी म्हणालो. बायकोने तोंड मिटलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसती. तिला कळलं की मला माहीतच नव्हतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. लक्षात यायला आधी कधीतरी बघितलेला असावा लागतो.

२७ मार्च, बुधवार

कवळी बसली. तिरक्या दातासकट. सासरे संध्याकाळी बाकावर गेले. बायको त्यांना सोडायला गेली आणि तिथेच बसून राहिली. मी खिडकीतून बघत होतो, एवढ्या लांबून दात दिसत नाहीत. हसण्याचे आवाज येत होते.

कॉम्प्युटरवाल्याने रविवारी येऊन मिररिंग करून दिलं. सर्व्हर आता ताईंच्या टेबलाखाली आहे. पाय पसरायला मला बरीच जागा झाली.

बायको घरी आल्यावर तिला एक विनोद सांगितला. दिवसभर मनात घोळवून ठेवला होता, चांगला होता. तिने हातातली पिशवी खाली न ठेवता शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग माझ्या कपाळाला हात लावून विचारलं, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?

म्हटलं, नाही गं, थोडं दमल्यासारखं झालंय.